चार तारांतला पाचवा आवाज

गिऱ्हाईक हा देव असतो असं पहिल्यांदा कोण म्हणालं मला ठाऊक नाही, पण त्या माणसाचं वाद्यांचं दुकान नव्हतं एवढं नक्की. माझं आहे. इंदूरला, जुन्या बाजारातल्या एका बोळात, वडिलांच्या वेळेपासून. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते म्हणतात. तलवारी गेल्या आणि आमच्या हाती पेट्यांचे सूर आणि तबल्याच्या चामडी वाद्या आल्या. दुरुस्ती हे खरं काम, थोडीफार नवी वाद्यंही ठेवतो.

एकदा बेटम्याचे एक गृहस्थ इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन गेले. हे म्हणजे एक डबा असतो. बटण दाबलं की खऱ्या तानपुऱ्यासारखा अखंड सूर देत राहतो, गाणारा त्याच्या आधाराने गातो. तिसऱ्या दिवशी गृहस्थ डबा घेऊन परत हजर. "भिया, ये तो शुरू ई नी हो रिया. दो दिन से आं-आं कर रिया हे. गाना कब आएगा?" सगळं घर म्हणे जेवणं आटोपून त्या डब्यासमोर बसत होतं. मी समजावलं की गाणं यात नसतं, ते आपण गायचं असतं. त्यांनी माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं. "गाना भी हमी गाएँ, तो पैसे किस बात के दिए?"

परदेशीपुऱ्याचा एक बाप मुलाचा तबला परत घेऊन आला होता, कारण त्यातला एक लहान निघाला आणि एक मोठा. जोडी जुळवून द्या म्हणाला. आणि आपल्या मराठी माणसांना तरी कशाला सोडू? एका आईने विचारलं होतं, "अहो, काळ्या पट्ट्या कम असलेली पेटी आहे का? पोरगी अजून छोटी आहे, एकदम डिफिकल्ट नको."

हे सगळे किस्से मी चहाच्या टपरीवर तिखटमीठ लावून सांगतो. नकला मला बऱ्या जमतात. बायको म्हणते, समोरचा बोलत असतो तेव्हाच तुमच्या तोंडावर त्याची नक्कल सुरू झालेली असते. तिचं म्हणणं मी बरीच वर्षं हसण्यावारी नेलं.

त्या काकू आल्या तेव्हा दसरा नुकताच झाला होता. दुपारची वेळ. दुकानासमोर रिक्षा थांबली आणि मांडीवर आडवा घेतलेला तानपुरा सावरत एक बाई उतरल्या. पंचाहत्तरीच्या असतील. ताठ बांधा, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज. सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, हे मला नंतर कळलं, पण बोलण्यावरून तेव्हाच ओळखू यायला हरकत नव्हती.

"यात बिघाड आहे," त्या म्हणाल्या.

"काय होतंय, काकू?"

"तारा चार आहेत. आवाज पाच येतात."

मला हसू आवरेना. ज्यांना यातलं माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तानपुरा अगदी बिनचूक लागला की त्यात एक असा स्वर ऐकू येतो, जो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. चार तारांच्या नादातून तो आपोआप वर येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू यावा म्हणून आमच्यातले कारागीर उभा जन्म घालवतात. आणि ही बाई तो बिघाड म्हणून घेऊन आली होती! आंबा गोड लागतो म्हणून परत आणावा, तशातली गत.

मी मग भाषणच ठोकलं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी म्हणजे काय, तारेखाली घातलेल्या सुताच्या दोऱ्याने नाद कसा खुलतो, गंधार कुठून येतो. "काकू, हा बिघाड नाही, ही कमाई आहे," असंही म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "तो नव्हे हो..."

"तोच तो. पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं."

त्यांनी तानपुरा भिंतीला टेकवला. "ठेवून जाते. बघा तुम्ही," एवढंच म्हणून निघून गेल्या.

त्या गेल्यावर मी गवसणी काढली, म्हणजे तानपुऱ्याची खोळ. जुन्या कापडाची, हाताने शिवलेली होती. सहज तारा छेडल्या. काकू राहतात त्या अन्नपूर्णा मंदिराच्या भागापासून माझ्या दुकानापर्यंतचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको की रिक्षातून उतरलेलं कुठलंही वाद्य सुरात राहत नाही, माणूसही राहत नाही. हा तानपुरा मात्र जागच्या जागी होता. एकही खुंटी पिळावी लागली नाही. मी पुन्हा छेडून पाहिलं. मग मनाशी म्हटलं, लाकूड चांगलं मुरलेलं असेल.

तीन दिवस तो दुकानात होता. वाद्यांच्या दुकानात वाद्यं एकमेकांना ओ देतात, ही नेहमीची गोष्ट आहे. पेटीचा सूर धरला की कोपऱ्यातला तानपुरा गुणगुणतो, कुणी खोकलं तरी तबला बारीकसा बोलतो. त्याची मला इतकी सवय आहे की ते माझ्या कानांवर पडतही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, बोळ शांत झाला. मी डबा उघडून जेवायला बसलो होतो. मला एक शिंक आली आणि त्या तानपुऱ्याने ओ दिली. इथपर्यंत ठीक. पण अशी ओ क्षणात विरते. ही विरली नाही. मी दोन घास खाल्ले, पाणी प्यायलो, तरी ती होती, अगदी बारीक, दाराबाहेर कुणी उभं राहून वाट बघावी तशी. मी उठलो आणि तानपुऱ्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. त्या दिवसापासून मी दुकानात रेडिओ लावून काम करतोय, हेही माझ्या उशिराच लक्षात आलं.

काम मी चोख केलं. घोडी घासली, नवे दोरे घातले. गंधार असा लखलखीत वर आला की वडील असते तर पाठ थोपटली असती. काकू येऊन तानपुरा घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी टपरीवर मी जाहीर केलं, "आज एक काकू रिक्षात बसवून भूत घेऊन आल्या होत्या." दोन दिवस पुरला तो किस्सा.

आठव्या दिवशी त्या परत आल्या, या वेळी रिकाम्या हाताने.

"काम छान केलंत. गंधार एकदम साफ झाला."

"मी म्हटलं होतं ना!"

"हो. आणि आता ती पण साफ ऐकू येते."

माझ्या हातात पेटीचा भाता होता. तो मी खाली ठेवला. "ती कोण?"

त्या स्टुलावर बसल्या आणि एखादा अर्ज वाचून दाखवावा तशा सरळ आवाजात सांगू लागल्या. ती म्हणजे त्यांची नणंद. लग्न न केलेली, गाणारी. गाणारी म्हणजे मैफिली करणारी नव्हे; घरात, गणपतीत, शेजारच्या भजनात गाणारी. काकू नव्या नवरी म्हणून घरात आल्या तेव्हा भाजी चिरताना काहीतरी गुणगुणत होत्या. नणंद म्हणाली, "वहिनी, तुझा आवाज चिरका आहे गं. तू आपली तारा छेड."

"वाईट मनाने नाही बोलली," काकू म्हणाल्या. "होताच माझा आवाज तसा. त्यानंतर मी नाही कधी गायले. अंगाईसुद्धा तिनेच म्हटली माझ्या पोराला."

तेव्हापासून चाळीस वर्षांहून जास्त काळ, रोज कचेरीतून आल्यावर, दिवेलागणीला नणंद पुढे चटईवर बसायची आणि काकू मागे तानपुरा घेऊन. मुलगा शिकून पुण्याला गेला, यजमान वारले, घरात दोघीच राहिल्या तरी हे चुकलं नाही. गेल्या माघात नणंद गेली. तेरावा झाला आणि काकूंनी संध्याकाळी तानपुरा घेतला, कारण हात म्हणे स्वस्थ बसू देईनात.

"पहिल्याच दिवशी आली. आधी श्वास घेते, मग सा लावते. घ्यायची ना अगदी तसाच श्वास. वाद्याचाच दोष नाही ना, याची खात्री करायला आणला होता तुमच्याकडे."

चाळीस वर्षं रोज तानपुरा छेडलेल्या बाईला मी गंधार म्हणजे काय ते शिकवलं होतं. "तो नव्हे" असं ती सांगत होती आणि मी ऐकून घेतलं नव्हतं. मला भर दुपारी दुकानात घाम फुटला, तो कशाने ते सांगता येत नाही, लाजेने किंवा दुसऱ्या कशाने.

"काकू, भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना. एखाद दिवशी नाही आली तर, याची वाटते."

मग खरं काम निघालं. त्यांनी हे सगळं फोनवर मुलाला सांगून टाकलं होतं. "बेवकूफ मी! बोलायला नको होतं. पण रोज फोन करतो, विचारतो आई काय नवीन, तर निघून गेलं तोंडातून." मुलाने आधी डॉक्टरचं विचारलं, मग तिकिटांचं. तो रविवारी येणार होता. आईला कायमची पुण्याला न्यायची, घर भाड्याने द्यायचं, असं त्याचं ठरलं होतं.

"तो बोलतो, आई, अकेल्या माणसाला आवाज ऐकू येणं नॉर्मल नाहीये. वाईट नाही हो माझा पोरगा, घाबरलाय बिचारा. अकराव्या मजल्यावर घर आहे त्याचं, एकदम बढिया, लिफ्ट-बिफ्ट सगळं. तानपुऱ्याला जागा पण देईल. पण ती नाही यायची तिथे. ती जन्मात एक रात्र अन्नपूर्णा सोडून राहिली नाही."

"मग मी काय करू?"

"रविवारी घरी या. त्याला गंधार ऐकवा. आई म्हणते तो आवाज हाच, असं सांगा. तुम्ही जाणकार, तुमचं ऐकेल तो. खोटं बोला असं नाही म्हणत मी. गंधार आहेच ना? मग तेवढंच सांगा."

मी हो म्हणालो. त्यात दया होती, आणि जाणकार म्हटल्याचा थोडा आनंदही होता, नाकारत नाही.

रविवारी सहाच्या सुमाराला पोचलो. देवळामागच्या गल्लीत तळमजल्याचं घर, दोन खोल्या, स्वच्छ. मुलगा पंचेचाळिशीचा, सभ्य, प्रवासाने आणि काळजीने थकलेला. माळ्यावरून काढलेल्या दोन बॅगा पलंगावर उघड्या पडल्या होत्या. एकीत काकूंच्या साड्या अर्ध्यापर्यंत भरून झाल्या होत्या. काकू त्या बॅगेकडे एकदाही बघत नव्हत्या.

खोलीत भिंतीशी तानपुरा, त्याच्यापुढे एक चटई अंथरलेली. मुलगा बोलता बोलता त्या चटईवर बसला.

"उठ रे तिथून!" काकू ओरडल्याच.

मुलगा उठला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. बघा, मी म्हणत होतो ना, असं त्या बघण्यात होतं. मी घाईने म्हणालो, "समोर बसलं की नाद अडतो. बाजूला बसावं." आमच्या धंद्यात हे कुणाला ऐकवलं असतं तर मला जोड्याने मारलं असतं. त्याला पटलं. तो माझ्या शेजारी सतरंजीवर बसला. चटई माझ्या डाव्या हाताला होती, रिकामी.

मी तानपुरा जुळवला आणि छेडला. "आता तारा ऐकू नका. तारांच्या वर काय तरंगतंय ते ऐका." थोडा वेळ गेला. मग त्याचा चेहरा उजळला. "अरे! ये तो सही में है! आई, हे होतं होय?" काकूंनी मान हलवली. तो इतका मोकळा हसला की मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. इतके दिवस आई वेडी होतेय असं समजून जगत होता तो. त्याने फोन काढला, बायकोला मेसेज लिहू लागला आणि लिहिता लिहिता म्हणाला, "आई, आता तू वाजव. काकांसमोरच एकदा होऊन जाऊ दे."

काकूंनी माझ्या हातून तानपुरा घेतला. बाहेर उजेड कमी होत होता, दिवा अजून लावला नव्हता. त्यांची बोटं तारांवरून फिरू लागली, एका लयीत, न अडखळता. मी त्यांच्याकडे बघत होतो. तारांची दोन आवर्तनं झाली.

आणि कुणीतरी श्वास घेतला.

माझ्या डावीकडे, चटईवर. गाणारा माणूस सूर लावायच्या आधी घेतो तसा, पोटातून, सावकाश. मग सा लागला. बाईचा आवाज, खालच्या पट्टीतला, बारीक आणि अढळ. मी मान वळवून चटईकडे पाहिलं. काही नव्हतं तिथे. चटईची एक कड दुमडलेली होती, बस्स.

मी पुन्हा काकूंकडे पाहिलं. ओठ मिटलेले, डोळे चटईवर लावलेले, पुढ्यातलं गाणं ऐकत असावं असे. पण त्यांच्या हनुवटीखालची कातडी थरथरत होती. तीस वर्षं मी खरखर कुठून येते ते शोधत आलोय, माझा कान या बाबतीत चुकत नाही. मी किंचित पुढे झुकलो. आवाज त्यांच्या गळ्यातून येत होता. मिटल्या ओठांनी काकू गात होत्या. आणि काकूंना ते माहीत नव्हतं.

श्वासाचं मी अजून स्वतःला समजावू शकलेलो नाही. तो चटईवरून आला असं मी तेव्हाही म्हणालो असतो आणि आजही म्हणेन. पण सूर त्यांचा होता. आणि तो चिरका नव्हता. मुळीच नव्हता.

मुलाने फोनवरून डोकं वर काढलं. त्याच्या कानाला सगळा तानपुराच. त्याने थोडं ऐकलं आणि विचारलं, "काका, हाच ना तो? गंधार?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बोटं थांबली नाहीत, सूरही नाही.

खरं सांगितलं असतं तर त्याने बॅग भरली असती, आणि त्यात त्याचं काही चुकलं नसतं. स्वतःचा आवाज ओळखू न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला एकटी ठेवू नये, हे मलाही कळतं. शिवाय खरं सांगितल्याबरोबर ती चटई कायमची रिकामी झाली असती. खोटं सांगितलं तर मी या बाईला या खोलीत, त्या श्वासाबरोबर, एकटी सोडून जाणार होतो. दुकानात बसून लोकांच्या अडाणीपणाला हसणाऱ्या माणसावर ही वेळ यायला नको होती. मला रडू येईल असं वाटलं.

"हो," मी म्हणालो. "गंधार."

मुलाने निःश्वास सोडला. "ठीक आहे आई. होळीपर्यंत राहा मग इथेच. पुढचं पुढे बघू." त्याने पलंगावरच्या बॅगेतून साड्या काढून कपाटात ठेवायला सुरुवात केली. मला आनंद व्हायला हवा होता. कुणाचं तरी काहीतरी चोरून घेऊन निघाल्यासारखं मात्र वाटत होतं. चहा अर्धा टाकून मी उठलो.

काकू फाटकापर्यंत सोडायला आल्या, एकट्याच. आतून कपाटाच्या दाराचा आवाज येत होता. त्यांनी मागे वळून बघितलं आणि हळूच विचारलं, "ऐकलंत ना तुम्ही? सही सांगा."

"ऐकलं, काकू."

"तुम्ही तर भल्याभल्यांना ऐकलंय. कशी वाटली?"

सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. खरं असेल तेवढंच बोललो. "स्वर सच्चा आहे. आणि आवाज फार गोड आहे, काकू. असा आवाज मी क्वचित ऐकलाय."

काकूंचा चेहरा एवढासा झाला आणि मग इतका फुलला की मला बघवेना. डोळ्यांना पदर लावून त्या घाईने आत वळल्या.

"सांगते तिला," त्या म्हणाल्या. "बरं वाटेल बिचारीला."